काळ्या गाडीवरची जाळी: पॉलिशिंग मशीन घ्यावे की जाऊ द्यावे?

मेहरूणकर
राम राम मंडळी. या विभागात पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी काळी सेडान घेतली, वापरलेली. सावलीत बघावी तर दृष्ट लागावी अशी. उन्हात लावली की बॉनेट, छप्पर, डिकी सगळीकडे बारीक गोल रेघांचे जाळे दिसते, बरोबर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली तर विचारूच नका. याला स्वर्ल मार्क म्हणतात एवढे कळले. जळगावात विचारपूस केली. एक म्हणतो रबिंग मारून देतो. दुसरा म्हणतो डायरेक्ट सिरॅमिक कोटिंग करा, सगळे झाकले जाईल. तिसरा म्हणाला, काळी गाडी घेतलीच कशाला.

पुतण्याचे लग्न माघात आहे आणि नवरदेवाची गाडी म्हणून माझीच ठरली आहे. ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर ऑनलाइन पाच-सहा हजारांपासून दिसतात. मशीन आणून घरीच करावे का? की आपल्याकडच्या धुळीत हे चार दिवसांचे कौतुक?

बट्टीवाला
भो, गाडी शे का नवरदेव? इतलं उटणं!

(वाचतोय. माझी पांढरी आहे, मले काहीच दिखस नही.)

धुळ्याचा_बापू
@बट्टीवाला, पांढरीवरही तेवढेच असतात, फक्त दिसत नाहीत. रात्री मोबाईलची बॅटरी लावून बघा, मग झोप लागणार नाही.

मेहरूणकर दादा, मी याच धंद्यात आहे. जाहिरात वाटायला नको म्हणून दुकानाचे नाव लिहीत नाही. आधी एक गैरसमज काढू. त्या रेघा गोल नसतातच. ओरखडे सरळ, आडवे, तिरके, कसेही असतात. त्यातले जे उजेडाच्या वाटेला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती गोल जाळे दिसते. दिवा हलवा, जाळेही हलेल.

हे ओरखडे सगळ्यात वरच्या पारदर्शक थरात असतात, ज्याला आपण क्लिअर म्हणतो. तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. प्राइमर, रंग, क्लिअर सगळे धरून कंपनीचा जॉब बहुतेक १०० ते १५० मायक्रॉनमध्ये बसतो. माणसाचा केस ७० च्या आसपास असतो, म्हणजे क्लिअर केसापेक्षाही पातळ. पॉलिश म्हणजे ओरखडा भरणे नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणणे. म्हणून नखाची परीक्षा: नख फिरवले आणि अडकले, तर तो ओरखडा पॉलिशच्या हाताबाहेरचा. त्याच्या नादी लागू नका.

मशीन घरी चालवता येते. पण ड्युअल अ‍ॅक्शनच घ्या, रोटरी नको.

जुने_गॅरेज
रोटरी नको का म्हणून? अंमळनेरला आम्ही लोकरीचं पॅड लावून अ‍ॅम्बेसिडर चमकवल्या, तेव्हा तुमची ड्युअल अ‍ॅक्शन कुठे होती? दोन तासांत गाडी आरसा. तुमचं ते गुदगुल्या करणारं मशीन दिवसभर फिरवत बसा.

धुळ्याचा_बापू
जुने_गॅरेज काका, तुमच्या हाताला दंडवत. पण तेव्हाच्या बऱ्याच गाड्यांवर वेगळा क्लिअर नसायचा, रंगच जाड असायचा. आजही पॅडवर गाडीचाच रंग यायला लागला तर समजायचे की क्लिअर नाही, किंवा होता तो गेला.

रोटरी एकाच जागी एकाच दिशेने फिरते, उष्णता पटकन चढते. बॉनेटच्या कडेवर किंवा दरवाज्याच्या घडीवर नवशिक्याचा हात जरा रेंगाळला की खालचा प्राइमर बाहेर. शिवाय लोकरीच्या पॅडचे स्वतःचे ठसे राहतात, उन्हात इंद्रधनुष्यासारखे सरकतात, त्यांना होलोग्राम म्हणतात. जाळी गेली आणि होलोग्राम आले, गिऱ्हाईक तेच.

ड्युअल अ‍ॅक्शनमध्ये पॅड गोल फिरतानाच डोलतोही. जास्त दाबले की फिरणे थांबते, नुसता थरथरतो. नवशिक्यासाठी हाच तिचा चांगला गुण.

जुने_गॅरेज
हां, कडेचं बरोबर आहे. कडेला आम्ही आधी मास्किंग टेप लावायचो. आताची पोरं तेवढंही करत नाहीत.

गोफण
आमच्या गल्लीत एकाने अँगल ग्राइंडरलाच फोमचा पॅड लावला होता. खर्च शून्य म्हणे.

धुळ्याचा_बापू
@गोफण, चार इंची ग्राइंडर ११ हजार आरपीएमला पळतो. पॉलिशिंगची रोटरी ६०० ते ३,००० वर चालवतात. शून्य खर्चाच्या पुढे डेंटिंग-पेंटिंगचे बिल लिहायचे राहिले.

गोफण
ते आले होते. बॉनेट आता दोन रंगी आहे. तो म्हणतो स्पोर्ट्स एडिशन.

सराफकट्टा
धाग्याबाहेरचा माणूस, पण पॉलिश शब्द आला म्हणून लिहितो. आमच्याकडे दागिना बफवर लावला की चमक येते आणि वजन उतरते, याला आम्ही घट म्हणतो. गिऱ्हाईक दर वर्षी तीच अंगठी चमकवायला आणते तेव्हा मी सांगतो, ताई, नुसती साबणाच्या पाण्याने धुऊन देतो, बफ नको. आमची घट निदान बफच्या पेटीत साठते, दुकानाचा केरसुद्धा झारेकरी विकत नेतो आणि धुऊन सोने काढतो. मोटारीचा क्लिअर कोणताही झारेकरी परत आणून देणार नाही.

तेव्हा बापूंना प्रश्न: एका पॉलिशला किती घट?

धुळ्याचा_बापू
सराफ साहेब, नेमका प्रश्न. कंपाउंड (पॉलिशपेक्षा जास्त घासणारी पेस्ट), पॅड, हात आणि रंगाचा कडकपणा यावर आहे, पण हलक्या पॉलिशला एखादा मायक्रॉन, जोरदार कंपाउंडिंगला दोन-चार असा हिशोब धरतात. ऐकायला किरकोळ वाटते. पण ऊन सोसणारे, अतिनील किरण अडवणारे रसायन याच क्लिअरमध्ये असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि गाडी दिवसभर उघड्यावर. क्लिअर पातळ झालेल्या गाडीचे छप्पर काही वर्षांत पांढरट पडते, मग पापुद्रे सुटतात. अशा गाड्या उन्हाळा सरला की येतात आणि म्हणतात पॉलिश करून द्या. सुटलेल्या क्लिअरला पॉलिश नाही, रंगच मारावा लागतो.

म्हणून माझे मत: खान्देशात शंभर टक्के जाळी काढायच्या मागे लागू नये. सत्तर-ऐंशी टक्के गेली की मशीन खाली ठेवावे.

पुणेवासी_चोपडेकर
असहमत. एकदाच नीट शंभर टक्के करून वर सिरॅमिक मारा, कटकट संपली. पुण्यात मी केले आहे.

धुळ्याचा_बापू
पुण्यात गाडी तळघराच्या पार्किंगमध्ये असेल दादा. इथे ती लिंबाखाली असते, नाहीतर कडक उन्हात. सिरॅमिकमुळे पाणी थेंब होऊन पळते, धूळ लवकर निघते, हे खरे. पण तो थर फार पातळ, ओरखडे भरत नाही आणि फडक्याने पडणारे नवे ओरखडे पूर्ण थांबवतही नाही. जाळीवरच सिरॅमिक मारले तर जाळी काचेच्या कपाटात ठेवल्यासारखी जपली जाते. दुकानदार "झाकले जाईल" म्हणाला असेल तर तो कोटिंगच्या आधी रेघा तात्पुरत्या बुजवणारे फिलरवाले ग्लेझ लावणार असेल, किंवा त्यालाच माहीत नसेल.

खापर
टूथपेस्ट लावा. आमच्या आतेभावाने लावली होती. आणि चमक हवी तर डिझेलचा हात.

मृणाल_शहादा
@खापर, टूथपेस्टमध्ये घासणारी पावडर असते, म्हणून बोटभर ओरखडा पुसट होतो. पण कण किती जाड याचा भरवसा नाही. डिझेल, खोबरेल वगैरे तेलकट हाताने रेघा तात्पुरत्या बुजतात, दोनदा गाडी धुतली की पुन्हा वर. आणि तेलावर आपली धूळ बसली की काय होते ते दिवाळीनंतरच्या दिव्याच्या बुडाला विचारा.

मेहरूणकर दादा, मी घरीच करते, म्हणून जरा सविस्तर. नवऱ्याची गाडी आणि माझे मशीन अशी आमची वाटणी.

मशीनपेक्षा आधीच्या तयारीला जास्त वेळ द्या. गाडी धुवायची, मग हात फिरवून बघायचा. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण उचलणारा मातीसारखा मऊ गोळा. क्ले साबणाच्या पाण्याशिवाय फिरवू नका आणि जमिनीवर पडला की तो तुकडा गेला, पुन्हा गाडीला लावायचा नाही. त्यानंतर कडा, रबर, नेमप्लेट यांना टेप.

सुरुवात पूर्ण गाडीवर नाही, बॉनेटच्या मधल्या दीड-दोन फुटांच्या चौकोनात. सगळ्यात हलका जोड आधी: मऊ पॅड, बारीक पॉलिश. त्याने भागले तर पुढे जाऊच नका. नाही भागले तर एक पायरी कडक पॅड, मग कंपाउंड. बहुतेक लोक उलटे करतात, डायरेक्ट सगळ्यात जहाल कंपाउंड.

पॅडवर हरभऱ्याएवढे चार थेंब. मशीन बंद असतानाच चौकोनात टिपून घ्यायचे, मग मशीनचा वेग एक नंबरवर ठेवून पसरायचे, नाहीतर भिंत, साडी, मांजर सगळ्यांवर नक्षी. नंतर चार-पाच नंबर. आधी आडवे, मग उभे, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढलेली. हात इतका सावकाश की बघणाऱ्याला कंटाळा यावा. बॅकिंग प्लेटच्या (पॅड जिच्यावर बसतो ती चकती) कडेला मार्करने एक रेघ ओढून ठेवा. काम करताना ती गरगरताना दिसली पाहिजे, थांबली म्हणजे दाब जास्त झाला किंवा पॅड वाकडा धरला. पॉलिशचा दुधट थर हळूहळू तेलकट पारदर्शक होतो, तेव्हा थांबायचे. पुसायचे, बॅटरी मारून बघायचे. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडायचा. त्यात साठलेला रंगाचा भुगाच नवीन ओरखडे पाडतो.

शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसून घ्या. पॉलिशमधले तेल निघून जाते आणि खरा निकाल दिसतो. कित्येकदा तेलामुळेच "वा!" वाटत असते.

भुसावळ_जंक्शन
मृणालताई, दंडवत. वाचनखूण साठवली.

आमचा वेगळा त्रास. दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या बाजूने वारा आला की गाडीवर राखेची बारीक पावडर. ती कोरड्या फडक्याने पुसली की संपले. राख मऊ दिसते, पण आत काचेसारखे कण असतात. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन रोज सकाळी पाच गाड्या एका फडक्याने आणि एका बादलीत पुसतो. सगळ्या गाड्यांवर एकसारखी जाळी. त्याला काही बोललो तर सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, सेवाभाव बघा.

तापीकाठ
वॉचमन परवडला. हायवेच्या ढाब्यावर शेवभाजी सांगितली की ती येईपर्यंत एखादं पोरगं गाडी पुसून मोकळं. फडकं कमरेचं. नको म्हटलं तरी पुसतं, मग दहा रुपयांसाठी काचेजवळ उभं. मी आता उतरल्या उतरल्या दहाची नोट हातात देतो आणि सांगतो, पुसू नको, फक्त लक्ष ठेव.

बट्टीवाला
कोणता ढाबा? शेव जाड वापरतो का बारीक?

तापीकाठ
जाड, तिखट. पारोळ्याच्या अलीकडे. नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, इथे लिहिलं तर गर्दी होईल.

बट्टीवाला
धागा सार्थकी लागला.

केळीबाग_रावेर
अवांतरात भर. केळीच्या चिकाचे डाग कोणी काढले का? माल भरताना गाडी बागेत जाते, चिकाचे थेंब पडतात आणि काळे पडतात. कपड्याचे तर जातच नाहीत, गाडीचे?

मृणाल_शहादा
ताजा असेल तर ओल्या मायक्रोफायबरने लगेच. वाळलेला असेल तर ओले फडके त्यावर थोडा वेळ ठेवून मऊ करा, घासू नका. मग क्ले. त्यानंतरही सावली राहिली तर हलक्या पॉलिशचा हात. बोअरच्या पाण्याच्या पांढऱ्या ठिपक्यांचेही तेच, फक्त तिथे आधी व्हिनेगर भरपूर पाण्यात मिसळून लावायचे आणि लगेच धुवायचे. उन्हात गाडी धुऊन तशीच वाळू दिली की ते ठिपके क्लिअरमध्ये खड्डा करून बसतात.

मेहरूणकर
एवढे प्रतिसाद बघून भरून आले. (शेवभाजीच्या ढाब्याचे नाव मलाही व्यनि करा.)

बापूंच्या मायक्रॉनच्या गणिताने धास्तावलो. ओळखीच्या एका जुन्या गाड्यांच्या दलालाकडून रंगाची जाडी मोजायचे मीटर आणले. बॉनेट १०५ ते ११५. छप्पर १०० च्या आसपास. उजवी बाजू तशीच. आणि डावा मागचा दरवाजा २४०, त्याच्या खालच्या कोपऱ्यात थेट ६०० च्या वर! विकणाऱ्याने "एकही पॅनल रंगवलेला नाही, लिहून देतो" म्हटले होते. लिहून मात्र घेतले नव्हते.

जुने_गॅरेज
६०० म्हणजे लांबी, खड्डा भरायची पुट्टी. दरवाजा ठोकलेला आहे, भरून रंगवलाय. घाबरू नका, पॉलिशला चालतो. फक्त गॅरेजचा क्लिअर कंपनीच्या भट्टीतल्यासारखा भाजलेला नसतो. मऊ निघाला तर हलक्यावरच भागेल.

धुळ्याचा_बापू
काकांशी सहमत. छप्पर १०० आहे म्हणजे कदाचित आधी कुणी घासले असेल, कदाचित कंपनीतूनच तेवढे आले असेल, मीटर ते सांगत नाही. मीटर सगळे थर मिळून आकडा देते, क्लिअर किती उरला ते नाही. छपरावर कंपाउंड नको. तसेही छप्पर बघायला वरातीत कोण चढतो?

गोफण
आमच्या वरातीत चढतात.

सराफकट्टा
मेहरूणकर, मशीन विकत घ्यायच्या आधी एक चौकोन करून बघा असे सुचवतो. मृणालताईंनी सांगितला तसा. कुणाचे मशीन एक दिवसासाठी मिळते का बघा.

पुणेवासी_चोपडेकर
बरं, छपरापुरता माझा शब्द मागे. पण थंडीतच करा. मे महिन्यात तिकडे आलो होतो तेव्हा भावाने दुपारी अंगणात पॉलिश काढले. पत्र्यावर टाकताक्षणी वाळून पावडर. ती घासून त्याने नवी जाळी तयार केली आणि दोष मशीनला दिला.

मृणाल_शहादा
अगदी. पत्र्यावर उलटा हात ठेवून बघायचा, गार लागला तरच. डिसेंबरची सकाळ आपल्याकडे यासाठी सोन्यासारखी. पण वारा असेल तर पुढे ढकला. माझी जागा बैलांच्या रिकाम्या गोठ्यात आहे, जमीन आधी पाणी मारून घेते म्हणजे धूळ बसते.

आणि इन्व्हर्टरवर मशीन लावू नका, ७००-८०० वॅटचा भार असतो. लाइट गेली तर पॉलिश पुसून घ्या, चहा प्या.

मेहरूणकर
रविवारी योग आला. मामेभावाच्या ओळखीने ड्युअल अ‍ॅक्शन मिळाले. बॉनेटचा चौकोन टेपने आखला. मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने जाळी थोडी पुसट झाली, गेली नाही. मधला पॅड आणि तेच पॉलिश लावल्यावर फरक असा पडला की बायको अंगणात येऊन म्हणाली, एवढ्याच तुकड्याला नवीन रंग का मारला. अल्कोहोलने पुसले, तरी टिकले. नख अडकणाऱ्या दोन रेघा तशाच आहेत, त्या राहू देतो. कंपाउंडची बाटली उघडलीच नाही.

आता टेप काढल्यावर बॉनेटवर मधोमध चमकता चौकोन आहे आणि शेजारचे विचारतात की इथे काय चिकटवले होते. त्यामुळे उरलेली गाडी करणे भागच आहे. मशीन विकत घेत नाही, मामेभाऊ पुढच्या दोन रविवारी देतो म्हणाला. त्या पैशांत प्रेशर पंप आणि चांगले मायक्रोफायबर घेतो.

धुळ्याचा_बापू
शहाणे गिऱ्हाईक. माझे नुकसान, पण शहाणे.

पंपाने आधी धूळ उडवा, तोपर्यंत हात लावायचाच नाही. काळ्या मातीची धूळ ओली झाली की चिकटते, म्हणून शाम्पूचा फेस थोडा वेळ बसू द्या. दोन बादल्या, एक शाम्पूची, एक हातमोजा खळबळायला. वरून खाली. चाकांचा कपडा वेगळा. आणि ती डिकीतली पिसांची झटकणी कुणाला तरी भेट द्या.

भुसावळ_जंक्शन
आमच्या सेक्रेटरींना द्या.

मृणाल_शहादा
लग्नाचे विसरू नका. फुलवाले सरळ पत्र्यावर सेलोटेप मारतात, फुलांच्या जाळीची तार मोकळी सोडतात, आणि वाऱ्याने ती तार रात्रभर बॉनेट खाजवते. सजावट रिबनने किंवा सक्शन कपावर करायला सांगा, आणि सजवताना स्वतः उभे राहा. स्प्रेचा फेस उडवणाऱ्या पोरांना नवरदेवाच्या मामाच्या ताब्यात द्या.

मेहरूणकर
मामा म्हणजे माझे मेहुणे. फेस तेच आणणार आहेत.

एक राहिलेच. पुढच्या बंपरवर मीटर काही दाखवत नाही. जाळी तिथेही आहे. तिथे किती घासायचे?

धुळ्याचा_बापू
बंपर प्लास्टिकचा, साधे मीटर फक्त धातूवर चालते. प्लास्टिकला उष्णता पसरवता येत नाही, एका जागी लवकर तापते. मऊ पॅड, कमी नंबर, दोन-तीन फेऱ्या आणि पुढे. खालच्या ओठाला गिट्टीचे टिपके असतील, ते पॉलिशने जाणार नाहीत, टच-अप पेन घ्या. नंबरप्लेटच्या वर घडी आहे तिथे आधी टेप लावा.